डेथ स्टार कितव्यांदा फुटला?

थोडं लांबलंय, सवडीने वाचा. सुरुवात सिनेमाची आहे, पण गाडी शेवटी रोजच्या बातम्यांवर येऊन थांबणार आहे.

2015 मध्ये 'स्टार वॉर्स'चा सातवा भाग आला, 'द फोर्स अवेकन्स'. त्यात बंडखोरांच्या तळावर एक बैठक आहे. शत्रूने नवं महाअस्त्र तयार केलंय, त्याची चर्चा चाललीय. कोणीतरी म्हणतं, हा तर आणखी एक डेथ स्टार. मग हवेत चित्र उमटतं. आधी जुना डेथ स्टार दिसतो आणि त्याच्या शेजारी नवा 'स्टारकिलर बेस' उलगडत जातो. चेंडूशेजारी डोंगर ठेवावा तसा. यावर म्हातारा हान सोलो काय विचारतो? बरं, मग उडवायचा कसा? काहीतरी वाट असतेच की.

आणि वाट असते. सिनेमा संपायच्या आत तो डोंगर फुटतो. सिनेमाने जगभरात दोनशे कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला.

ज्यांनी या मालिकेतलं काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी हिशोब सांगतो. 1977 च्या पहिल्या सिनेमात चंद्राएवढा दिसणारा एक डेथ स्टार, एका फटक्यात एक ग्रह बेचिराख करणारा. 1983 च्या तिसऱ्या सिनेमात दुसरा डेथ स्टार, त्याहून मोठा. 2015 मध्ये अख्खा ग्रह पोखरून केलेलं अस्त्र, एका वेळी अनेक ग्रह संपवणारं. 2019 च्या नवव्या भागात तर जहाजांचा ताफाच्या ताफा, आणि त्यातल्या प्रत्येक जहाजाच्या पोटाखाली ग्रह फोडणारी तोफ. रक्तबीजासारखं. एक मारला की थेंबाथेंबातून नवे उभे.

लेखकांना दुसरं काही सुचत नाही, असं म्हणून हसता येतं, मीही हसलोय. पण एकदा या सिनेमांच्या तारखा आणि खऱ्या बॉम्बच्या तारखा एका कागदावर शेजारी शेजारी मांडून बघा. हसू जरा आखडतं.

सुरुवात 1945 पासून करू. त्या वर्षी 11 जूनला अमेरिकेच्या काही शास्त्रज्ञांनी सरकारला एक अहवाल दिला. 'फ्रँक अहवाल' म्हणून तो ओळखला जातो. त्यांचं म्हणणं साधं होतं: बॉम्ब शहरावर टाकू नका, वाळवंटात नाहीतर ओसाड बेटावर फोडून जगाला दाखवा. दुसरीकडे लक्ष्य ठरवणाऱ्या समितीने मे महिन्यातच नोंदवून ठेवलं होतं की जपानवर जास्तीत जास्त मानसिक परिणाम झाला पाहिजे आणि पहिला वापर सगळ्या जगाच्या डोळ्यांत भरेल असा हवा. ओसाड बेट मागे पडलं. 6 ऑगस्टला हिरोशिमा, 9 ऑगस्टला नागासाकी.

आता 1977 च्या सिनेमातला प्रसंग आठवा. सेनापती टार्किन राजकन्या लेयाला विचारतो, बंडखोरांचा तळ कुठे? घर वाचवण्यासाठी ती एका दूरच्या ग्रहाचं नाव सांगते. टार्किन म्हणतो, तो फार लांब आहे, प्रात्यक्षिकाला उपयोगाचा नाही. आणि तिच्या डोळ्यांसमोर तिचा स्वतःचा ग्रह, ॲल्डरान, उडवून टाकतो. लष्करी गरज शून्य, फक्त दाखवायचं होतं. 32 वर्षांपूर्वी बंद खोल्यांमधल्या बैठकांत झालेला वाद पडद्यावर दोन मिनिटांत उरकला गेला.

हिरोशिमाचा बॉम्ब साधारण 15 किलोटनांचा. तो 'पहिला भाग' होता. 29 ऑगस्ट 1949 ला रशियाने आपला बॉम्ब फोडला आणि अमेरिकेत पुढच्या भागाची बोलणी सुरू झाली. हायड्रोजन बॉम्बचं शास्त्रज्ञांमधलं टोपणनाव काय होतं माहितेय? 'सुपर'. ओपेनहायमरच्या अध्यक्षतेखालच्या सल्लागार समितीने ऑक्टोबर 1949 मध्ये सांगितलं, हा बनवू नका. 31 जानेवारी 1950 ला अध्यक्ष ट्रुमन यांनी जाहीर केलं, बनवणार. 1 नोव्हेंबर 1952 ला पहिला मोठा स्फोट झाला, 10 मेगाटनच्या वर. प्रशांत महासागरातलं एलुगेलाब नावाचं बेट नकाशावरून गेलं.

मग 1 मार्च 1954. बिकिनी बेटावर 'कॅसल ब्राव्हो' चाचणी. अंदाज होता साधारण 6 मेगाटनचा, निघाला 15 चा. म्हणजे हिरोशिमाच्या हजारपट. धोक्याच्या जाहीर हद्दीबाहेर एक जपानी मासेमारी बोट होती, 'दाइगो फुकुर्यू मारू'. तिच्यावरच्या 23 जणांवर पांढरी राख पडली. बोटीचा वायरलेस ऑपरेटर सप्टेंबरमध्ये वारला. जपानमध्ये लोकांनी मासे खाणं सोडलं.

त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला टोकियोत एक सिनेमा लागला: 'गॉडझिला'.

आपल्याकडे गॉडझिला म्हणजे इमारती पाडणारा पालीसारखा राक्षस, पोरांचा सिनेमा. मूळ सिनेमा तसा नाही. त्याची सुरुवातच समुद्रातल्या एका बोटीवर अचानक पडलेल्या उजेडाने होते. पुढे इस्पितळात एका लहान पोरावर किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र धरतात आणि ते कडकडायला लागतं. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धानंतर चीनमधून मायदेशी परतला तेव्हा त्याने उद्ध्वस्त हिरोशिमा स्वतः पाहिलं होतं. थेटरात बसलेल्या माणसांनाही हे कल्पनेतलं वाटत नव्हतं. टोकियो जळून त्यांना जेमतेम नऊ वर्षं झाली होती.

त्या सिनेमात एक महाअस्त्र आहे, 'ऑक्सिजन डिस्ट्रॉयर'. ते शोधणारा डॉक्टर सेरिझावा ते वापरायला तयार नसतो. त्याला भीती गॉडझिलाची नसते, सरकारांची असते. एकदा वापरलं की उद्या प्रत्येक देशाला ते हवं होणार. शेवटी नाइलाज होतो, तेव्हा तो आधी आपले सगळे कागद जाळतो, अस्त्र घेऊन समुद्रात उतरतो आणि वर येतच नाही. अस्त्राची कृती त्याच्याबरोबर बुडते. आणि अखेरीला दुसरा म्हातारा शास्त्रज्ञ म्हणतो की चाचण्या अशाच चालू राहिल्या तर आणखी एखादा गॉडझिला येईल.

तो इशारा होता. कंपनीने तो पुढच्या भागाची जाहिरात म्हणून वाचला. सहा महिने व्हायच्या आत, एप्रिल 1955 मध्ये, दुसरा सिनेमा पडद्यावर. 1970 च्या दशकापर्यंत गॉडझिला मुलांचा लाडका रक्षक होऊन बसला.

याचं टोक 2019 च्या हॉलिवूडी गॉडझिलात, 'किंग ऑफ द मॉन्स्टर्स'मध्ये बघायला मिळतं. ज्या अस्त्रासाठी 1954 मध्ये एका माणसाने जीव दिला, तोच ऑक्सिजन डिस्ट्रॉयर इथे अमेरिकी लष्कर सिनेमाच्या मधेच एका क्षेपणास्त्रातून सोडून देतं. चर्चा नाही, घालमेल नाही. आणि पुढे सेरिझावा याच आडनावाचा शास्त्रज्ञ अणुबॉम्ब घेऊन खोल समुद्रात जातो, कशासाठी? निपचित पडलेल्या गॉडझिलाला ताकद मिळावी म्हणून. पहिल्या सेरिझावाने अस्त्र गाडण्यासाठी मरण पत्करलं, दुसऱ्याने अणुबॉम्ब फोडण्यासाठी. मधली 65 वर्षं या एका बदलात दिसतात.

पुढच्या भागाचा मोह किती जबर असतो त्याचं आणखी एक उदाहरण. 'प्लॅनेट ऑफ द एप्स' 1968 चा. त्याच्या दुसऱ्या भागात नायक चार्लटन हेस्टनला काम करायचंच नव्हतं. 1970 च्या त्या सिनेमात जमिनीखाली उरलेली माणसं एका बॉम्बची देवासारखी पूजा करत असतात. शेवटी तो बॉम्ब फुटतो आणि सगळी पृथ्वी नष्ट होते. आता याच्यापुढे काय दाखवणार? पुढच्या वर्षी तिसरा भाग आला! म्हणे तीन वानरं स्फोटाआधी यानात बसून भूतकाळात निसटली होती. जगबुडी झाली तरी तिकीटखिडकी उघडी.

परत स्टार वॉर्सकडे येतो, कारण इथे सिनेमा आणि राजकारण एकमेकांत अक्षरशः मिसळतात. 23 मार्च 1983 ला अध्यक्ष रेगन यांनी टीव्हीवरून एक योजना मांडली. शत्रूची क्षेपणास्त्रं वाटेतच पाडायची, अण्वस्त्रं निरुपयोगी करून टाकायची. दुसऱ्याच दिवशी सिनेटर टेड केनेडी यांनी तिची 'स्टार वॉर्स' म्हणून खिल्ली उडवली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. दोन महिन्यांनी, 25 मे ला, दुसऱ्या डेथ स्टारचा सिनेमा लागला. या नावावरून जॉर्ज लुकासची कंपनी कोर्टातही गेली. रेगन यांच्या योजनेचे समर्थक आणि विरोधक दोघेही आपल्या टीव्ही जाहिरातींत 'स्टार वॉर्स' म्हणत होते, ते थांबवा, असं तिचं म्हणणं. 1985 मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं नाही. राजकीय वादात लोक हा शब्द वापरणारच.

त्या योजनेवर पुढच्या दहा वर्षांत जवळपास 30 अब्ज डॉलर गेले. वचन दिलेली ढाल काही उभी राहिली नाही.

आता आकाराचा मुद्दा. 30 ऑक्टोबर 1961 ला रशियाने 'झार बॉम्ब' फोडला. 50 मेगाटन, हिरोशिमाच्या तीन हजारपटींहून जास्त. मूळ आराखडा 100 चा होता, तो अर्धा केला. माणसाने याहून मोठा स्फोट आजवर केलेला नाही. म्हणजे स्पर्धा थांबली का? नाही. नेम अचूक झाला तशी एवढ्या मोठ्या बॉम्बची गरज राहिली नाही. 1970 पासून अमेरिकेच्या 'मिनटमन' क्षेपणास्त्राच्या एकाच टोकावर तीन-तीन अण्वस्त्रं बसू लागली. आकार घटला, संख्या फुगली. 1986 मध्ये जगातल्या अण्वस्त्रांची संख्या साधारण 70,000 होती.

2019 च्या स्टार वॉर्समधला तो ताफा आठवतोय? एका अजस्र गोळ्याऐवजी शेकडो जहाजं, प्रत्येकाकडे तीच ताकद. सिनेमावाल्यांना ही कल्पना आचरट वाटली नसावी. खरं जग तिथे पन्नास वर्षं आधीच जाऊन आलं होतं.

मला खटकतं ते पुढचं. अस्त्र मोठं होत गेलं तसे मेलेले लोक लहान होत गेले. 1977 मध्ये एक ॲल्डरान उडतो तेव्हा कित्येक योजनं दूर असलेल्या ओबी-वानला धक्का बसतो, तो मटकन खाली बसतो. 2015 मध्ये त्याच्या कित्येक पट माणसं काही सेकंदांत राख होतात आणि कथा पुढे चालू. तिथे कोण राहत होतं, कोणाला आठवतंय? याउलट 2016 चा 'रोग वन' बघा. त्यात डेथ स्टार पूर्ण ताकदीने चालतच नाही, आधी एक शहर उडवतो. पण त्या शहराच्या गल्ल्यांतून आपण आधी फिरलेलो असतो, तिथल्या बाजारात धक्के खाल्लेले असतात. म्हणून ते अंगावर येतं. आणि चाहत्यांना आजही सगळ्यात जास्त आवडतो तो 1980 चा दुसरा भाग. त्यात महाअस्त्रच नाही. त्यात एक बाप आहे आणि एक मुलगा.

धमकीची किंमत कशी घसरते हे मला सिनेमाआधी माझ्या धंद्याने शिकवलंय. जिल्ह्याच्या ठिकाणी वीस वर्षं बातमीदारी करतोय. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट जवळ आला की निवेदनांचा गठ्ठा येतो. रस्ता द्या, मोजणी करा, पैसे द्या, 'अन्यथा आत्मदहन'. सुरुवातीला अशी बातमी पहिल्या पानावर जायची. आता आतल्या पानावर 'थोडक्यात' सदरात चार ओळी. त्यामुळे पुढचं निवेदन 'कुटुंबासह आत्मदहन' असं येतं. तेही चार ओळींत जायला लागलं. पोलीस नोटीस देतात, साहेब पोच देतात, कागद फायलीत. त्या गठ्ठ्यात एखादा खरंच जीवावर उदार झालेला माणूस असू शकतो, ही धाकधूक मात्र कोणालाच राहिलेली नाही. ना साहेबांना, ना आम्हाला. शब्द वाढत गेला आणि भीती संपली, धोका होता तिथेच आहे.

अण्वस्त्रांचंही असंच झालंय, आणि त्यात सिनेमाने एक खोटा दिलासा मिसळला. तो म्हणजे हान सोलोचा: वाट असतेच. डेथ स्टारला दोन मीटरचं एक भोक असतं, त्यात नेमका बार घातला की खेळ खलास. प्रत्येक पुढच्या भागात नवं भोक.

खऱ्या इतिहासात त्रुटी निघाल्या त्या अस्त्रांत नव्हे, इशारा देणाऱ्या यंत्रांत. 9 नोव्हेंबर 1979 ला अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रातल्या पडद्यांवर रशियाचा प्रचंड हल्ला दिसू लागला. तो सरावासाठीचा कार्यक्रम होता, चुकून खऱ्या यंत्रणेत शिरलेला. 26 सप्टेंबर 1983 च्या मध्यरात्री रशियात उलटं झालं. उपग्रहाने सांगितलं, अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडलं. मग आणखी चार. ड्युटीवर होते लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव. त्यांनी विचार केला, हल्ला करायचाच तर अमेरिका पाचच कशाला सोडेल? त्यांनी खोटा इशारा म्हणून वर कळवलं आणि वाट बघत बसले. ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्र वाटलं होतं. दुसऱ्या डेथ स्टारचा सिनेमा लागून तेव्हा चार महिने झाले होते. पडद्यावर एक जण योग्य जागी बार टाकतो म्हणून जग वाचतं. इथे एक जण काहीच करत नाही, म्हणून वाचलं.

या खेळात आपण नुसते प्रेक्षक नाही. 11 आणि 13 मे 1998 ला भारताने पोखरणला पाच चाचण्या केल्या. मी तेव्हा कॉलेजात, चौकात पेढे वाटलेले आठवतात. 28 आणि 30 मे ला पाकिस्तानने चाचण्या केल्या, आणि आकडा सांगितला सहा. पाचाला सहा! देशाच्या सुरक्षेचा विचार करणाऱ्यांची बाजू मला समजते, शेजार आपण निवडलेला नाही. पण पुढच्या भागात एक तरी जास्त हवा, हा नियम हॉलिवूडने शोधलेला नाही, हे मला त्या महिन्याने दाखवलं.

आणि आता? 1 मार्च 2018 ला पुतिन यांनी भाषणात नवी महाअस्त्रं जाहीर केली, तीही मोठ्या पडद्यावर ॲनिमेशन दाखवून, अगदी ट्रेलरसारखी. काहींची नावं ठरवायला तर रशियन लोकांकडून ऑनलाइन मतं मागवली. मे 2025 मध्ये ट्रम्प यांनी 'गोल्डन डोम' जाहीर केला, खर्च 175 अब्ज डॉलर, मुदत साधारण तीन वर्षं, आणि सांगितलं की रेगन यांनी सुरू केलेलं काम आपण पुरं करतोय. स्टार वॉर्सचा पुढचा भाग, यावेळी खराखुरा.

मधल्या काळात अमेरिकेत एक गंमत झाली होती. व्हाइट हाउसकडे हजारो लोकांच्या सह्यांचा अर्ज आला, सरकारने डेथ स्टार बांधावा. जानेवारी 2013 मध्ये सरकारने रीतसर उत्तर दिलं: अंदाजे खर्च 850 क्वाड्रिलियन डॉलर, म्हणजे 85 वर 16 शून्यं, आणि ग्रह उडवण्याला आमच्या प्रशासनाचा पाठिंबा नाही. लोक हसले. ज्या सरकारने हे लिहिलं त्याच्याकडे त्या दिवशी हजारो खरी अण्वस्त्रं होती.

एक गोष्ट मात्र कोणी पडद्यावर नीट आणली नाही. 1986 चे ते 70,000 आज साधारण 12,000 वर आलेत. कोणत्या शूर वैमानिकाने भोकात बार घातला नाही. 1963 चा चाचणीबंदी करार, 1987 चा मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार, त्यामागच्या कंटाळवाण्या बैठका, आणि रस्त्यावर उतरलेली माणसं. झार बॉम्ब बनवणारा साखारोवच पुढे चाचण्यांच्या विरोधात उभा राहिला. आपल्या महाभारताला हे ठाऊक होतं. अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही महाअस्त्र सोडतात. व्यास-नारद मधे पडतात, अर्जुन आपलं परत घेतो. अश्वत्थाम्याला परत घेता येत नाही, ते उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर जातं. सोडता दोघांनाही येत होतं. मोठा कोण, हे परत घेण्यावरून ठरलं.

तेव्हा उद्या टीव्हीवर पुन्हा 'जगातलं सगळ्यात घातक अस्त्र' म्हणून लाल ग्राफिक फिरायला लागेल, तेव्हा आकार आणि पल्ला ऐकून ठेवा, पण तिथेच थांबू नका. पत्रकारितेच्या पदविकेला पहिल्याच आठवड्यात शिकवतात ते विचारा: हे कोणत्या गावावर पडणार? तिथे किती माणसं राहतात? बटणावर बोट कोणाचं, आणि विचार करायला त्याला किती मिनिटं मिळणार?

आमच्या बातमीत याची उत्तरं नसतील, तर आम्हालाही विचारा.